रविवारी आईबाबांकडे कामाला जाणाऱ्यांसाठी धागा

खुरपं_हरवलं

दर दुसऱ्या रविवारी मी आईबाबांकडे जातो. बाबा ७४, आई ७०. दोघं हिंडते-फिरते आहेत, पण घर आणि अंगण आता त्यांना पुरून उरतं. वीस-पंचवीस कुंड्या, कडेला झुडपांचं कुंपण, गुलाबाचा वाफा, आणि माळ्यावर काय काय आहे ते त्यांनाही आठवत नाही.

या वेळी म्हटलं, नीट ठरवून जाऊ. फोनवर यादी केली. पंखे पुसणे, न्हाणीघरातला गळका नळ, कुंपण छाटणे, वाफ्यातलं तण, तीन कुंड्या बदलणे, माळ्यावरचे खोके, बाबांची कागदपत्रांची फाइल. सकाळी आठला पोचलो. दीड वाजेपर्यंत खोके सोडून सगळ्यावर फुली. मी स्वतःवर जाम खूश.

गुलाबाच्या वाफ्यात एका झाडाला बुडातून हातभर लांब, तरतरीत फुटवा आला होता. बाकी झाड त्याच्यापुढे केविलवाणं दिसत होतं. फुटवा कलमाच्या गाठीच्या खालून निघालेला, म्हणजे खुंटाचा, ज्या जंगली गुलाबावर कलम बांधतात त्याचा. एवढं मला कळतं. सिकेटर घेतलं आणि कापला. आई दोन हातांवर उभी होती. काही बोलली नाही, आत गेली.

संध्याकाळी निघताना म्हणाली, "तीन महिने बघत होते मी त्याच्याकडे."

मी तिला खुंट, कलम वगैरे समजावलं. तिने ऐकून घेतलं. माझं बरोबर होतं आणि तरी मी मूर्ख ठरलो, असं काहीसं वाटलं. तिकडे बाबा. नळ उघडला तेव्हा ते पाना घेऊन आले होते. मी म्हटलं, "राहू द्या बाबा, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांतच झालं. ते पाना हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग बाहेर जाऊन बसले. गाडी काढताना हसत म्हणाले, "आता पुढच्या खेपेपर्यंत आम्हाला काय काम ठेवलंयस?"

हसतच म्हणाले. पण गाडीत तेच घोळत राहिलं.

तुम्ही कसं करता? आधी विचारून करता का? मी विचारलं की दोघांचं एकच उत्तर, "काही नाही रे, तू ये फक्त." मग काय करायचं माणसाने?

झारीवाली

वाचतेय. आमच्याकडे हाच खेळ, फक्त गुलाबाऐवजी मोगरा. मी एकदा आईच्या सगळ्या कुंड्यांना मनापासून, भरभरून पाणी घातलं. आई म्हणे, "कोपऱ्यातल्या तिघांना आज नव्हतं घालायचं." तिचा हिशोब असतो. मातीत दोन पेरं बोट घालून बघते, ओल लागली तर त्या कुंडीला त्या दिवशी सुट्टी. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात हे तिचं वाक्य. तेव्हापासून झारीला हात लावायच्या आधी तिच्याकडे बघते.

अर्धवट_माळी

धागाकर्ते, तुम्ही आईला दुखावलंत आणि वर कामही चुकीचं केलंत, हाहा.

गंमत सोडा. विकत आणलेला गुलाब बहुतेक वेळा दुसऱ्याच, दणकट गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा अंकुर खुंटाच्या सालीत बसवून, केलेला असतो. बुडाशी गाठ दिसते ती तीच. गाठीच्या वर येईल ते तुमचं झाड, गाठीच्या खाली येईल ते खुंटाचं. खालचा फुटवा ठेवला तर मुळांनी ओढलेलं सगळं तो खातो आणि वर्षा-दोन वर्षांत वरचं कलम जातं. लोक मग म्हणतात, "आमच्या लाल गुलाबाला जंगली फुलं यायला लागली." रंग बदललेला नसतो, झाडच बदललेलं असतं.

पण तो सिकेटरने कापायचा नाही. कापला की बुडाशी दोन-तीन डोळे शिल्लक राहतात आणि एकाच्या जागी तिघं येतात. माती बाजूला करून तो मुळापासून जिथे निघालाय तिथपर्यंत जायचं, घट्ट धरून खाली ओढून ओरबाडायचा. जखम मोठी दिसते, तरी तेच बरं.

आणि कापलेला फुटवा कुठे आहे? टाकून दिलात? पेन्सिलीएवढ्या जाडीचे वीतभर तुकडे करा, खालची पानं काढा, दोन तृतीयांश मातीत खोचा. जगले तर तोच फुटवा उद्या खुंट म्हणून कामाला येईल. त्यावर आईच्या आवडत्या गुलाबाचा डोळा भरा. अशी भरपाई झाली तर झाली.

खुरपं_हरवलं

@अर्धवट_माळी, हे वाचून आत्ताच फोन केला. बाबांनी उचलला. मी निघाल्यावर आईने तो फुटवा पाल्यातून उचलून आणला आणि तुकडे करून कुंडीत खोचले म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

लांबचा

मी दुसऱ्या खंडात. माझा रविवार म्हणजे व्हिडिओ कॉल. बाबा फोन घेऊन अंगणात फिरतात आणि अर्धा वेळ मला त्यांचा अंगठा दिसतो. कुठल्या पानावर काय पडलंय ते मी इथे शोधून सांगतो. तुमच्या "मी जास्त काम करतो" या दुःखाचा हेवा वाटतो, एवढंच. चालू द्या.

पाना_पक्कड

भावनांचं तुम्ही बघा. मी यादीतल्या कामांबद्दल बोलतो, कारण त्यातली काही कामं आईबाबांना करू द्यायचीच नाहीत. तिथे विचारणं वगैरे नाही.

शिडी आणि स्टूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वांत जास्त. पंखा पुसायला खुर्चीवर चढलेला ७४ वर्षांचा माणूस मला बघवत नाही. शिडी टेकवायची तर उंचीच्या चौथाईइतका पाया भिंतीपासून पुढे हवा. म्हणजे वरचं टोक ४ मीटरवर टेकत असेल तर पाय १ मीटर बाहेर. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, तीन गोष्टी कायम शिडीला लागलेल्या. पंखा पुसताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडायचा.

न्हाणीघराची सफाई. फरशीवर टाकायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी वापरायचं नाही. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं" असं मानणारे घरोघर आहेत. माझ्या घरात मीच होतो.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. खुरपी-कुदळींच्या लाकडी मुठींना जवसाचं तेल चोळतात, चांगलं असतं. पण ते तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर एकेरी पसरून वाळवायचं, मग टाकायचं.

न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा तर भिंतीत पक्का, स्क्रू मारून. चिकटवायचे येतात ते ऐनवेळी हातात येतात. आणि रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वाटेत मिणमिणता का होईना, दिवा.

झारीवाली

@पाना_पक्कड, ते फडक्याचं माहीत नव्हतं. आत्ता उठून बघून आले.

मधली_मुलगी

माझं दुखणं वेगळं. आम्ही तिघं. मी दर आठवड्याला जाते. थोरला वर्षातून दोनदा येतो, येताना नवीन कुंडी आणतो आणि पुढचे सहा महिने घरात कुंडीचं कौतुक. त्या कुंडीला पाणी कोण घालतं, तर आई. आई आजारी पडली की मी.

आधी खूप चिडायचे. आता काय केलंय, तर झाडू-पोछा सोडलाय. ती कामं दिसतात पण उद्या पुन्हा तिथेच. मी बसते ती कागद घेऊन. कुठल्या फायलीत काय आहे, कुठलं बिल कोणाच्या नावावर, विम्याचे कागद कुठे, औषधांची यादी कोणत्या डॉक्टरांनी कधी बदलली. हे सगळं एका जाड वहीत. बाबा सांगतात, मी लिहिते. एका रविवारी दोन पानं होतात, कारण प्रत्येक कागदामागे एक गोष्ट निघते. घर कसं घेतलं, कोणाकडून उसने आणले, कोणी बुडवले. वर्ष झालं, वही अर्धी भरलीय.

औषधांच्या डब्यातून मुदत संपलेलं काढायचं काम मात्र मी आईसमोरच करते. मागून केलं की तिला वाटतं तिची चोरी झाली.

स्पष्ट_बोलू_का

एवढा विचार? महिन्यातून दोनदा माणूस लावा, तण काढेल, पंखे पुसेल. तुम्ही जाऊन शांतपणे गप्पा मारा. आपला वेळ, आपली कंबर, दोन्ही वाचतात.

आणि एक नकोसं वाक्य. सहा दिवस राबून सातव्या दिवशी दुसऱ्यांच्या अंगणात खुरपं धरायचं नसेल, तर तो गुन्हा नाही. माझे सासू-सासरे आहेत, चांगले आहेत. पण रविवार माझाही एकच असतो. नवरा सोफ्यावर आणि मी माळ्यावर, असं चार वर्षं चाललं होतं. आता त्यांच्या घरच्या यादीतली कामं त्यांचा मुलगा करतो. मी गेले तर बसते.

मधली_मुलगी

@स्पष्ट_बोलू_का, दुसऱ्या परिच्छेदाला +१००. पहिल्याला नाही. माणूस लावून बघितला. आईने तो यायच्या आधी तण काढून ठेवलं, "परका माणूस काय म्हणेल" म्हणून.

दुसरी_बाजू

इथे बहुतेक सगळी मुलं दिसतायत. मी ७२ वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांतली. नातवाने खातं काढून दिलंय. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मुलं रविवारी येणार म्हटलं की माझा शनिवार आवराआवरीत जातो. हे मुलांना माहीत नाही. पसारा दिसला की मुलगा काही बोलत नाही, फक्त इकडेतिकडे बघतो. ते बघणं मला नको असतं. म्हणून तो यायच्या आत मी उचलते, पुसते, आणि तो आला की दमलेली असते. मग तो म्हणतो, "आई, तू हल्ली लवकर दमतेस."

आणि "काही काम नाही, तू ये फक्त" हे मीही म्हणते. ते खोटं असतं. काम असतंच. पण कुठलं सांगू याचा मी आठवडाभर विचार केलेला असतो. फार मोठं सांगितलं तर त्याचा दिवस जातो, फार लहान सांगितलं तर वाटेल आईला एवढंही होत नाही. काही कामं मी खरंच त्याच्यासाठी राखून ठेवते. मला झेपत असली तरी. उंच फळीवरची पेटी काढायला स्टुलावर चढता येतं मला, अजूनही. पण ती पेटी त्याने काढावी आणि मग आम्ही दोघांनी उघडून बघावी, यासाठी ती तिथे असते.

मुलगा आला की पहिलं वाक्य, "आई, तू बस." बसते. आणि बसून बघते की तो शेवंतीची रोपं तण म्हणून उपटतोय. ओरडले तर म्हणेल, आई कटकट करते. न ओरडले तर शेवंती जाते. अशा वेळी मी घसा खाकरते.

मला काय हवं असतं, विचारलंत म्हणून सांगते. खड्डा खणून हवा. मातीचं पोतं उचलून हवं. मोठी कुंडी उन्हातून सावलीत सरकवून हवी. रोप लावायचं ते मी लावेन. उकिडवं बसून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे तसं होऊ शकतं असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून आता बुटकं स्टूल घेऊन बसते आणि उठताना आधी दोन श्वास घेते. तेवढं स्टूल जागोजागी सरकवायला कोणी असलं की माझं अर्धं काम होतं. हे मी मुलाला आजवर सांगितलेलं नाही. इथे लिहिणं सोपं गेलं.

@खुरपं_हरवलं, तुमच्या आईला तो फुटवा जंगली आहे हे माहीत नसेल असं वाटत नाही. वाढणारं काहीतरी बघायला बरं वाटतं एवढंच असेल.

खुरपं_हरवलं

काकू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. शनिवारच्या आवराआवरीचा विचार कधी मनातही आला नव्हता. आमच्याकडे मी पोचतो तेव्हा घर नेहमी चकाचक असतं आणि मी मनात म्हणतो, बरंय, यांचं छान चाललंय.

निवांत

इथे एका जुन्या प्रयोगाची आठवण होतेय. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केला, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा, आणि हे रोप हवं असेल तर निवडा, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण सांगितलं, पाणी परिचारिका घालतील, तुम्ही निवांत राहा. रोप दोन्हीकडे होतंच. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त आनंदी, जास्त मिसळणारी.

दीड वर्षानंतरच्या पाहणीत पहिल्या गटात मृत्यूही कमी आढळले, असं १९७७ मध्ये छापलं गेलं आणि तेच सगळीकडे सांगितलं जातं. पण मृत्यूंच्या तुलनेच्या गणितात चूक निघाली आणि लेखिकांना दुरुस्ती छापावी लागली. त्यामुळे "झाडाला पाणी घाला, आयुष्य वाढवा" असं कोणी फॉरवर्ड केलं तर सावकाश घ्या. पहिला भाग मात्र मला पटतो. "आई, तू बस" म्हणजे दुसरा मजला.

पाना_पक्कड

@निवांत, मान्य. त्याच आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे की ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणाऱ्या हालचाली कराव्यात. वाकणं, उठणं, झारी उचलून चालणं बऱ्यापैकी तेच आहे. तेव्हा अंगणातलं काम त्यांचंच. शिडी मात्र माझी. यावर तडजोड नाही.

स्पष्ट_बोलू_का

काकूंचं वाचून माणूस लावायचा सल्ला अर्धा मागे घेते. खड्डा खणायला माणूस, रोप लावायला काकू. चालेल?

दुसरी_बाजू

चालेल. पण पेटी मुलगाच काढेल.

झारीवाली

थोडं अवांतर. आईच्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी बसलंय, चिकट, आणि मुंग्यांची रांग लागलीय. आई म्हणते, मुंग्या मारल्या की जाईल. खरं का?

अर्धवट_माळी

पिठ्या ढेकूण. तुमच्या आईचं अर्धं बरोबर. हे किडे गोड चिकट द्रव सोडतात, मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या या किड्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना हाकलतात. मुंग्या हटवल्या की बंदोबस्त सोपा होतो, पण तेवढ्याने किडा जात नाही. थोडेच असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब पातळ साबण, नीट घुसळून, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. संध्याकाळी. भर उन्हात तेल मारलं की पानं भाजतात. आठवड्याने पुन्हा, कारण एका फवारणीत सगळे मरत नाहीत. फार भरलेली फांदी सरळ कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको.

मधली_मुलगी

कंपोस्टचं निघालंच आहे तर, आईच्या पिंपाला घाण वास येतो.

अर्धवट_माळी

ओलं जास्त, हवा कमी. सुका पाला घाला, ढवळा. बाकी काही नाही.

लांबचा

कुंडी बदलताना तळाशी खडीचा थर द्यायचा ना? बाबा देतात, मी वाचलं की देऊ नये. कॉलवर आमचं भांडण झालं.

अर्धवट_माळी

नाही द्यायचा. खडीमुळे निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, मातीच्या तळाशीच अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ आला. भोक नीट मोकळं हवं, त्यावर खापरीचा तुकडा पुरे. पण बाबांची झाडं जगतायत का? मग भांडू नका.

निवांत

एक राहिलं. मातीत काम करणाऱ्या सगळ्यांनी, आईबाबांसकट, धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली ते आठवून बघा. त्याचे जंतू मातीत असतातच. दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यायची असते. काटा खोल घुसला, जखम मातीने भरली आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षं होऊन गेली असतील तर डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गुलाबाच्या काट्यांजवळ जाताना जाड हातमोजे घाला, रक्त लवकर थांबत नाही.

खुरपं_हरवलं

दोन आठवडे झाले, हजेरी लावतो.

या वेळी यादी न करता गेलो. शनिवारी फोन करून सांगितलं, "घर आवरू नका, मला तसंच बघायचंय." आई म्हणाली, "आम्ही कुठे आवरतो?" आणि पोचलो तर आवरलेलंच होतं. काकू, तुमचं निदान अचूक.

मग आईला म्हटलं, कुठला खड्डा खणायचाय? ती जरा चपापली. मग म्हणाली, मागच्या कोपऱ्यात एक हवाय, फूटभर खोल. खणला. तिथे दगड लागले, पहार आणावी लागली, तासभर गेला, कमरेत उसण भरली. ती बुटकं स्टूल घेऊन शेजारी बसली होती आणि पूर्ण तासभर मला सांगत होती की मी कुदळ चुकीची धरतोय. खरं सांगू? मी वैतागलो. आपण विचारून, हळूहळू, त्यांच्या कलाने केलं की सगळं गोड होतं असं मला वाटलं होतं. तसं काही होत नाही. एकदा तर मी कुदळ टाकून आत जाऊन पंख्याखाली बसलो.

माझा दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळत होता. या वेळी बाबांनी केलं, मी टॉर्च धरली. बाबा म्हणाले, मागच्या वेळी तू वायसर उलटा बसवलास. मी म्हटलं, तेव्हाच का नाही बोललात? "तू म्हणालास ना, दोन मिनिटांचं काम आहे." नळ व्हायला पाऊण तास लागला. त्यात जुने वायसर ठेवलेला एक डबा निघाला, तो सगळा जमिनीवर ओतून मापं लावून झाली. आणि नळ अजून गळतो. पण कमी.

दिवसभरात दोन कामं. माळ्यावरचे खोके अजून तिथेच.

मधली_मुलगी

खोके काढू नका. आमच्या बाबांची अर्धी वही खोक्यांतूनच निघालीय. सावकाश.

पाना_पक्कड

वायसर उलटा बसवलात म्हणून नळ गळत असेल तर ठीक. पण वायसर ज्यावर दाबून बसतो तो आतला कठडा झिजला असेल तर कितीही वायसर बदला, थेंब पडणारच. बोट फिरवून बघा, खाच लागते. लागली तर नळच बदला. म्हणजे, बाबांना म्हणा, बदलू या का?

खुरपं_हरवलं

सहा महिन्यांनी धागा वर आणतोय.

आईने खोचलेल्या चार तुकड्यांपैकी दोन जगले. आता पेन्सिलीएवढे जाड झालेत. आम्ही खणलेल्या त्या खड्ड्यात तिने त्यांतला एक लावलाय. खड्डा त्यासाठीच होता, हे मला तेव्हा सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी तिने त्यावर तिच्या जुन्या गुलाबाचा डोळा भरला. साल उचलायचं काम तिच्या हाताने, कारण माझा हात जड. मी पट्टी गुंडाळली, तीही तिने सोडून परत गुंडाळली. @अर्धवट_माळी, डोळा धरला हे कसं ओळखायचं आणि कधी?

अर्धवट_माळी

अरे वा. साल अलगद सुटली असेल तर निम्मं काम झालं. डोळ्याखाली पानाच्या देठाचा तुकडा ठेवला असेल ना, त्यावर नजर ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी हलका हात लावताच तो गळून पडला तर डोळा धरला. सुकून चिकटून राहिला तर गेला. पट्टी तीन-चार आठवड्यांनी सोडा. डोळा फुटून वाढायला लागला की मगच वरचा खुंट छाटायचा, आधी नाही.

खुरपं_हरवलं

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "हे मला माहितीये. त्याला विचार, त्याच्या आईकडे गुलाब आहे का?"

अर्धवट_माळी

आहे. मला हात लावू देत नाही.